काळी तार आणि काळी जमीन

घरीं बनविलेल्या व्हिडिओ खेळाच्या पेटीचें झांकण उलटें करून पाहिलें म्हणजे आंत रंगीबेरंगी तारांचें जाळें दिसतें. प्रत्येक बटणापासून एकेक निराळी तार निघून एका लहानशा हिरव्या फलकाकडे जाते. पण या गर्दींत एक तार अशी असते कीं ती कोणाही एका बटणाची नसते. ती बहुधा काळी असते. एका बटणाच्या कडीवरून दुसऱ्याच्या, तेथून तिसऱ्याच्या, अशी माळेंतील दोऱ्याप्रमाणें ती सर्वांमधून ओंवलेली असते; आणि फलकावरील ज्या टोंकास ती शेवटीं जोडली जाते त्यावर ‘जीएनडी’ अशीं अक्षरें छापलेलीं असतात. तें ‘ग्राउंड’ या शब्दाचें संक्षिप्त रूप होय. ग्राउंड म्हणजे जमीन. पांच व्होल्टांवर चालणाऱ्या, टेबलावर ठेवलेल्या आणि जमिनीस कोठेंही न टेकलेल्या या खेळण्यांत जमीन आली कोठून? प्रश्न साधा दिसतो. परंतु त्याचें उत्तर शोधूं गेल्यास पावणेदोनशें वर्षांहून अधिक मागें जावें लागतें, आणि परत येतांना नांदेड-लातूरच्या काळ्या मातींत उतरावें लागतें.

विजेच्या तारायंत्राच्या आरंभीच्या काळांत संदेश पाठवावयाचा म्हणजे प्रवाह जाण्यासाठीं एक तार आणि परत येण्यासाठीं दुसरी, अशा निदान दोन तारा लागत. तांबें महाग, खांब महाग, आणि तारेची लांबी मैलोगणती. १८३८ सालीं म्यूनिकचे प्राध्यापक कार्ल ऑगस्ट स्टाइनहाइल यांनीं न्यूरेंबर्ग ते फ्युर्थ या लोहमार्गाच्या रुळांचाच तारेऐवजीं उपयोग होतो कीं काय हें पाहण्याचा प्रयत्न केला. प्रयत्न फसला, रुळांतील प्रवाह दूरवर न जातां मध्येंच जमिनींत उतरूं लागला. सामान्य मनुष्यानें येथें हात टेकले असते. स्टाइनहाइल यांनीं मात्र त्या फसगतींतूनच शोध काढला: जमिनींतून प्रवाह इतक्या सहजतेनें जात असेल तर परतीची तार हवीच कशाला? दोन्ही टोंकांस धातूचा एकेक पत्रा जमिनींत पुरला कीं पृथ्वी हीच दुसरी तार झाली. अर्धी तार वांचली, आणि ‘जमीन’ हा शब्द विजेच्या शास्त्रांत कायमचा रुजला.

पृथ्वी हा कांहीं तांब्यासारखा उत्तम वाहक नव्हे. कोरडी माती तर वाहक म्हणण्याच्या योग्यतेचीहि नसते. मग हें घडतें कसें? पुरलेल्या पत्र्यापासून प्रवाह चोहोंकडे पसरतो, आणि जसजसा तो दूर जातो तसतसा त्यास जाण्यास मिळणारा मार्ग रुंद होत जातो. कांहीं हातांच्या पलीकडे तो मार्ग इतका विस्तीर्ण होतो कीं अडथळा जवळजवळ उरत नाहीं. सारी अडचण असते ती पत्र्याच्या भोंवतालच्या थोड्याशा मातींत. ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे, कारण पुढें नांदेड-लातूरचा प्रश्न येतो तो याच थोड्याशा मातीचा.

हिंदुस्थानांत या विद्येचा पाया घातला तो कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजांतील एका आयरिश डॉक्टरानें, विल्यम ओशॉनेसी यानें. १८३९ सालीं त्यानें कलकत्त्याजवळ तारायंत्राचे प्रयोग केले आणि मंडल पुरें करण्यासाठीं हुगळी नदीच्या पाण्याचा उपयोग केला. ज्या देशांत नदीस माता म्हणतात तेथें तिच्याकडून निरोप परत आणविण्याची ही कल्पना कोणाहि पुराणिकास आवडली असती. १८५१ सालीं कलकत्ता ते डायमंड हार्बर ही तार लोकांस खुली झाली, आणि पुढील चार-पांच वर्षांत कलकत्ता, आग्रा, मुंबई व मद्रास हीं शहरें तारेनें जोडलीं गेलीं.

मराठवाडा त्या वेळीं निजामाच्या राज्यांत होता. गोदावरीकांठच्या नांदेडला लोहमार्ग लाभला तो हैदराबाद-मनमाड हा मीटरगेज मार्ग १९०० च्या सुमारास पुरा झाला तेव्हां. लातूरला आगगाडी पोंचली ती १९११ सालीं, बार्शी लाइट रेल्वेच्या अडीच फुटी चिमुकल्या रुळांवरून. आगगाडीबरोबर खांब आले आणि खांबांबरोबर तार आली. एकेरी मार्गावर समोरासमोरून दोन गाड्या येऊं नयेत म्हणून एका स्टेशनाचा दुसऱ्याशीं विजेच्या खुणांनीं संबंध ठेवावा लागे. आणि त्या काळच्या प्रथेप्रमाणें अशा कामीं बहुधा एकच लोखंडी तार खांबांवरून जाई, व परतीचा प्रवाह स्टेशनाजवळ पुरलेल्या पत्र्याच्या द्वारें जमिनींतून येई. तारमास्तराच्या बोटाखालीं जी कळ कट्टकट्ट वाजे ती आणि आजच्या खेळपेटीचें बटण यांच्यांत तत्त्वतः कांहींच भेद नाहीं. दोन्हीं ठिकाणीं बोट दाबलें कीं धातूचे दोन तुकडे भेटतात, सुटलें कीं दूर होतात. आणि दोन्हीं ठिकाणीं परतीची वाट सर्वांची मिळून एक असते. भेद इतकाच कीं तारमास्तराची ती वाट खरोखरची माती होती. हिंदुस्थानांतील सरकारी तारसेवा २०१३ च्या जुलैंत बंद झाली. तिनें दिलेला शब्द मात्र मागें राहिला.

तारेनंतर हा शब्द सामान्य घरांत शिरला तो रेडिओबरोबर. हैदराबादचें नभोवाणीकेंद्र १९३५ सालीं निजाम सरकारच्या हातीं आलें. त्या काळच्या यंत्रास दोन तारा जोडाव्या लागत. एक ‘एरियल’, ती छपरावर दोन बांबूंच्या मध्यें ताणलेली. दुसरी ‘अर्थ’, ती भिंतीवरून खालीं उतरून जमिनींत गेलेली. ज्याच्या दारीं नळ होता तो नळास तार गुंडाळी. ज्याच्या दारीं नळ नव्हता तो तांब्याचा पत्रा ओलसर जागीं पुरी आणि त्यावर अधूनमधून घागरभर पाणी ओती. ‘अर्थ’ हा इंग्रजी शब्द मराठींत आला आणि आपल्या जुन्या ‘अर्थ’ शब्दाशेजारीं असा बेमालूम बसला कीं अर्थ लागला नाहीं तर आवाज लागत नाहीं, ही कोटी कोणासहि सहज सुचावी. पुढें अमेरिकन यंत्रें आलीं आणि त्यांनीं त्याच वस्तूस ‘ग्राउंड’ म्हटलें. म्हणून आज नांदेडचा वायरमन ज्यास ‘अर्थिंग’ म्हणतो त्यासच खेळाच्या फलकावर ‘ग्राउंड’ असें छापलेलें असतें. आणि एकाच वस्तूचीं हीं दोन नांवें आहेत असें समजणारा मनुष्य अर्धा बरोबर असतो, अर्धा फसतो.

तो फसतो याचें कारण असें कीं या एका शब्दाच्या पोटीं दोन अगदीं भिन्न कामें आहेत. पहिलें काम परतीची वाट होण्याचें, तें तारायंत्रापासूनचें. दुसरें काम रक्षणाचें. तें घरांत दोनशें तीस व्होल्टांची वीज आल्यापासूनचें. पंख्याच्या, इस्त्रीच्या अथवा संगणकाच्या लोखंडी अंगास कधीं आंतील तार उघडी पडून लागली, तर तो प्रवाह मनुष्याच्या देहांतून जमिनींत न जातां तारेनेंच जावा, म्हणून तीन टोंकांच्या प्लगमधील वरचें जाड टोंक असतें. तें इतर दोघांपेक्षां लांब ठेवलेलें असतें, तें प्लग खोंचतांना रक्षण आधीं लागावें आणि वीज मागाहून यावी एवढ्यासाठींच. या तारेंतून निरोगी घरांत कांहींच वाहूं नये, हीच तिची खूण. परतीची वाट हें घराच्या वायरिंगमध्यें न्यूट्रलचें काम आहे, अर्थिंगचें नव्हे. त्यांत आणखी एक घोंटाळा रंगांचा. हिंदुस्थानांतील घरांत काळी तार न्यूट्रलची व हिरवी अर्थिंगची असा रिवाज आहे. खेळाच्या पेटींत काळी तार ग्राउंडची. जो तरुण पेटीचें काम शिकून घराच्या बोर्डांत हात घालतो त्यानें हें विसरून चालत नाहीं.

आतां खेळाकडे वळूं. अटारी कंपनीचा ‘पाँग’ १९७२ सालीं आला, जपानच्या तायतो कंपनीचा ‘स्पेस इन्व्हेडर्स’ १९७८ सालीं, नामको कंपनीचा ‘पॅकमॅन’ १९८० सालीं. या काळच्या यंत्रांत ज्या चिपा वापरीत त्यांचा एक स्वभाव चमत्कारिक होता. त्यांच्या प्रवेशटोंकास कांहीं न जोडतां तसेंच मोकळें ठेवलें तर तें आपोआप ‘वर’, म्हणजे दाब असल्याप्रमाणें, वागे. त्यास ‘खालीं’ आणावयाचें तर तेथून दीडएक मिलिअँपिअर प्रवाह ओढून काढावा लागे. साहजिकच बटण दाबल्यावर टोंक ग्राउंडला भिडवावें, हीच सोयीची रीत ठरली. पुढें चिपा बदलल्या, स्वभाव बदलला, पण रीत राहिली; आज त्या टोंकास एका रोधाच्या द्वारें पांच व्होल्टांवर टांगून ठेवतात आणि बटणानें खालीं ओढतात. हा रोध दहा हजार ओहमांचा धरला तर बटणांतून वाहणारा प्रवाह अवघा अर्धा मिलिअँपिअर. बोटास त्याची जाणीवहि होणार नाहीं.

या रीतींत शहाणपण आहे तें असें. सर्व बटणांची सामाईक तार ग्राउंडची असल्यामुळें ती चुकून पेटीच्या पत्र्यास लागली तरी बिघडत नाहीं, कारण पत्राहि ग्राउंडलाच जोडलेला असतो. सामाईक तार पांच व्होल्टांची असती तर एका सैल टोंकानें सारा पुरवठा जमिनीस भिडला असता. शिवाय तारांची बचत. एका खेळाडूस चार दिशा, सहा बटणें, एक प्रारंभाचें व एक नाण्याचें असे बारा खटके धरले तर दोघांचे चोवीस होतात. प्रत्येकास दोन तारा दिल्या तर अठ्ठेचाळीस. परतीची तार सामाईक केली तर पंचवीस. म्यूनिकच्या प्राध्यापकानें मैलांत जें वांचविलें तेंच येथें वितींत वांचतें. अटारीच्या घरगुती यंत्राच्या दांड्यांत नऊ टोंकांची जोडणी होती आणि आठवें टोंक या सामाईक ग्राउंडचें होतें. १९८५ सालीं जपानी उत्पादकांच्या संघानें छप्पन्न टोंकांची एक प्रमाण जोडणी ठरविली, ती ‘जम्मा’ या नांवानें प्रसिद्ध आहे; तिच्यांत एक नव्हे, आठ टोंकें ग्राउंडचीं आहेत.

त्या काळच्या बाजारी यंत्रांत रक्षणाचा अर्थहि विसरलेला नव्हता, आणि त्याचें कारण केवळ माणसाच्या जिवाची काळजी एवढेंच नव्हे. नाणें टाकण्याचें दार लोखंडी असे. कांहीं चलाख पोरें लायटरांतील ठिणगीचा खटका त्या दाराजवळ वाजवीत आणि त्या ठिणगीच्या धक्क्यानें यंत्र नाणें पडलें असें समजे. म्हणून दारास अर्थिंगची जाड तार बांधणें हा मालकाच्या गल्ल्याचा प्रश्न होता. गल्ल्याच्या प्रश्नाकडे माणसें लवकर लक्ष देतात.

हिंदुस्थानांतील मध्यम वर्गाच्या घरांत खेळ आला तो या मोठ्या यंत्रांच्या रूपानें नव्हे, तर दूरदर्शनसंचास जोडण्याच्या डब्याच्या रूपानें. ‘सामुराई’, ‘लिट्ल मास्टर’ हीं नांवें एका पिढीच्या तोंडीं होतीं. आंत घालण्याच्या ठोकळ्यास मुलें ‘कॅसेट’ म्हणत. हे डबे ज्या जपानी यंत्राच्या वळणावर बेतलेले होते त्याच्या हातांतील खोक्यास आठ कळा असून फलकाकडे जाणाऱ्या तारा पांचच होत्या. खोक्यांत बसविलेली एक लहान चिप आठही कळांची स्थिति एकामागून एक अशी एकाच तारेवरून सांगे. त्या पांच तारांतील एक अर्थातच ग्राउंडची. तार तुटली तर बाजारांतील दुरुस्तीवाला प्रथम तीच तपासी, कारण ती गेली म्हणजे एक कळ नव्हे, सारें खोकें गप्प होई.

पुढें १९९७ सालीं निकोला साल्मोरिया या इटालियन गृहस्थानें ‘मेम’ नांवाचा कार्यक्रम प्रसिद्ध केला आणि जुन्या यंत्रांचे खेळ साध्या संगणकावर चालूं लागले. २०१२ सालीं ‘रास्पबेरी पाय’ हा तळहाताएवढा संगणक आला. तेव्हांपासून जुन्या पद्धतीचीं बटणें व दांडा स्वतः जोडून घरीं खेळपेटी बनविणें हें कोणाहि हौशी विद्यार्थ्याच्या आटोक्यांत आलें. नांदेडला गुरु गोविंदसिंहजींच्या नांवाचें अभियांत्रिकी महाविद्यालय १९८१ पासून आहे. लातूर विद्यार्थ्यांचेंच गांव म्हणून ओळखलें जातें. जेथें विद्यार्थी तेथें अशी हौस असणारच. बटणें, दांडा, लहान फलक आणि टोंकें बसविण्याच्या पकडी हें सारें आतां घरपोंच मिळतें. मिळत नाहीं तें एवढेंच, कीं काळी तार कशी ओंवावी आणि ती शेवटीं कोठें जाते याचें ज्ञान.

खटक्यास सामान्यतः तीन कड्या असतात: एक सामाईक, एक सदा उघडी, एक सदा बंद. काळी तार सामाईक कडीस लावावयाची आणि रंगीत तार सदा उघडीस. काळी तार माळेसारखी एका कडीवरून दुसऱ्या कडीवर नेतात; तिच्यांत एक दोष असा कीं माळ मध्यें तुटली तर त्यापुढचीं सर्व बटणें मुकीं होतात. पण हाच दोष निदानाच्या कामीं येतो. चौथें बटण बोलतें, पांचव्यापासून पुढें कोणी बोलत नाहीं, असें दिसलें तर बिघाड चौथ्या व पांचव्याच्या मध्येंच. सारी पेटी उसकण्याचें कारण नाहीं. जाणते लोक माळेचें शेवटचें टोंकहि परत फलकावर आणून जोडतात. मग ती माळ न राहतां कडें होतें, आणि एका ठिकाणीं तुटलें तरी प्रत्येक बटणास दुसरी बाजू उरते. एवढ्याशा तारेच्या तुकड्यानें जी निश्चिंति येते ती महागड्या बटणांनीं येत नाहीं.

दुसरी रीत लातूरकरांस समजावून सांगण्याची गरज नाहीं. त्यांच्या गांवाचा मध्यच तशा घाटाचा आहे. गंजगोलाईंत मध्यभागीं देवीचें मंदिर आणि चोहोंकडून येऊन मिळणारे सोळा रस्ते. प्रत्येक रस्ता थेट मध्याकडे येतो, कोणी कोणाच्या अंगणांतून जात नाहीं. ग्राउंडच्या ताराहि अशाच एका बिंदूस आणून मिळविल्या तर एकीचा प्रवाह दुसरीस त्रास देत नाहीं. नुसत्या बटणांना ही चैन लागत नाहीं, अर्ध्या मिलिअँपिअरानें कोणाचेंच बिघडत नाहीं. परंतु पेटींत आवाजाचा वर्धक आणि रोषणाईचे दिवे घातले म्हणजे प्रवाह शेंकडों पटींनीं वाढतो. मग दिव्यांची परतीची वाट आणि आवाजाची परतीची वाट एकाच तारेवर ठेवली तर दिवे लुकलुकले कीं कर्णा घुरघुरूं लागतो. अशा वेळीं गंजगोलाईचा घाटच बरा.

आतां ती काळी तार कोठवर जाते तें पाहूं. बटणापासून फलकाकडे, फलकापासून यूएसबीच्या तारेनें संगणकाकडे, संगणकाच्या आंत ती लोखंडी खोक्यास मिळते, आणि खोकें तीन टोंकांच्या प्लगमधील जाड टोंकास. तेथून भिंतींतील हिरवी तार, मीटरजवळची पट्टी, आणि अंगणांतील कोळसा-मिठाच्या खड्ड्यांत उभा पुरलेला नळ. म्हणजे शब्दानें जें सांगितलें तें अखेर खरें ठरतें: नांदेडच्या वजिराबादेंतल्या एखाद्या माडीवर मुलगा जें बटण दाबतो त्याची एक कडी खरोखरच गोदावरीकांठच्या मातीपर्यंत पोंचलेली असते. तेथवर पोंचली असेल तर! कारण पुष्कळ घरांत भिंतीवरील तिसऱ्या छिद्रामागें तारच नसते. कोठें प्लगचें जाड टोंक कापलेलें असतें. कोठें दोन टोंकांचा जोडठोकळा मध्यें घातलेला असतो.

अशा घरांत काय घडतें? संगणकाच्या वीजपुरवठ्यांत गोंगाट गाळण्यासाठीं दोन छोटीं धारित्रें असतात. एक फेजपासून खोक्याकडे, दुसरें न्यूट्रलपासून खोक्याकडे. खोकें जमिनीस जोडलेलें नसलें तर तें या दोहोंच्या मध्यें लोंबकळतें आणि त्याचा दाब दोनशें तीसच्या निम्मा, म्हणजे एकशें पंधराच्या आसपास, राहतो. शहाबादी फरशीवर अनवाणी उभ्या असलेल्या मुलाचा हात पेटीच्या पत्र्यास लागला कीं बोटांस मुंग्या येतात. हा प्रवाह अर्ध्या मिलिअँपिअरहूनहि कमी असतो. त्यानें जीव जात नाहीं. म्हणूनच लोक हंसून सोडून देतात, आणि हीच चूक होय. मुंग्या येतात याचा अर्थ रक्षणाची तार नाहीं. आणि ज्या दिवशीं आंतील फेज खोक्यास खरोखर लागेल त्या दिवशीं त्याच पत्र्यावर मुंग्या येणार नाहींत. रास्पबेरी पायसारखा संगणक दोन टोंकांच्या चार्जरवर चालतो, त्यास तिसरी तार मुळींच नसते. अशा पेटीस वरून लोखंडी पत्रा लावण्यापेक्षां लांकडी फळी बरी.

तार खड्ड्यापर्यंत पोंचली तरी प्रश्न संपत नाहीं, कारण मग माती बोलूं लागते. लातूर जिल्हा आणि नांदेडचा मोठा भाग काळ्या पाषाणावर वसलेला. वर काळी भारी जमीन, खालीं मुरूम, त्याखालीं खडक. देगलूर-बिलोलीकडे तर जुना ग्रॅनाइट वर येतो. ओलसर काळी माती विजेस फार चांगली वाट देते. तीन मीटर लांब व चार सेंटिमीटर जाडीचा नळ तिच्यांत उभा पुरला आणि मातीचा रोध दहा ओहम-मीटर धरला, तर गणितानें नळाचा रोध तीन ओहमांच्या जवळपास निघतो. तोच नळ शंभर ओहम-मीटरच्या कोरड्या जागीं पुरला तर एकोणतीस. हे आंकडे दिसण्यांत किरकोळ, परिणामांत फार मोठे. वीजमंडळाच्या रोहित्राजवळील भूसंपर्क उत्तम आहे असें धरलें तरी पहिल्या घरांत फेज खोक्यास लागतांच पंचाहत्तरांहून अधिक अँपिअर वाहतील आणि सोळा अँपिअरांचा खटका तत्काळ पडेल. दुसऱ्या घरांत वाहतील अवघे आठ. खटका पडणार नाहीं. पत्रा जवळजवळ पूर्ण दाबावर तसाच राहील, आणि घरच्यांस वाटेल कीं आपल्याकडे अर्थिंग आहे.

काळ्या मातीचा आणखी एक गुण शेतकऱ्यास ठाऊक आहे. चैत्र-वैशाखांत ती आकसते, हातहात रुंद भेगा पडतात. त्या भेगा नळाभोंवतींहि पडतात. माती नळास सोडून मागें सरते आणि ज्या थोड्याशा मातीवर सारें अवलंबून तिचाच संबंध सुटतो. म्हणून जुन्या वायरमननें खड्ड्यांत कोळसा आणि मीठ घालून वर पाणी ओतण्याचें फनेल ठेवलें तें उगाच नव्हे. कोळसा ओल धरतो, मीठ त्या ओलीस वाहक बनवितें. भूसंपर्काविषयीं भारतीय मानक १९६६ सालीं प्रथम निघालें, १९८७ व २०१८ सालीं तें सुधारलें, आणि त्यांत मातीच्या ओलीस महत्त्वाचें स्थान आहे. पण ओल आणावी कोठून? २०१६ च्या उन्हाळ्यांत मांजरा धरण आटलें आणि लातूरच्या तहानेसाठीं मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें. १२ एप्रिल रोजीं पहिली गाडी दहा डब्यांतून पांच लाख लिटर पाणी घेऊन पोंचली. ज्या गांवीं पिण्याच्या घागरीसाठीं रांगा लागल्या होत्या त्या गांवीं अर्थिंगच्या खड्ड्यांत पाणी ओता असें कोण कोणास सांगणार? आणि तरीहि नेमक्या त्याच दिवसांत, दुपारच्या उन्हांत घरांत कोंडलेलीं मुलें खेळपेटीपाशीं बसतात.

याच कारणास्तव या मुलखांत खड्ड्याच्या भरंवशावर न राहतां गळतीचा खटका बसविणें अधिक शहाणपणाचें ठरतें. फेजनें गेलेला प्रवाह न्यूट्रलनें परत येतो कीं नाहीं याचा तो अखंड हिशेब ठेवतो, आणि तीस मिलिअँपिअरांची तफावत दिसली कीं वीज तोडतो. त्यास तीन ओहमांचा खड्डा लागत नाहीं; एकोणतीस ओहमांचाहि पुरतो, शेंकडों ओहमांचाहि. तारमास्तराच्या पृथ्वीवर ज्यांचा विश्वास बसत नाहीं त्यांच्यासाठीं हा वाणी बरा, जो पैचाहि फरक सोडीत नाहीं.

खेड्यांत या विषयास आणखी एक बाजू आहे, आणि ती सर्वांत घातक. ‘लाईट’ गेली, तपासतां फेज आहे पण न्यूट्रल तुटलें आहे असें दिसलें, तर कोठें कोठें दिव्याचें दुसरें टोंक अर्थिंगच्या तारेस जोडून मोकळे होतात. दिवा लागतो. करणाऱ्यास ठाऊक नसतें, पण तो स्टाइनहाइलचाच प्रयोग करीत असतो; फरक इतकाच कीं तारायंत्राचा प्रवाह दुबळा होता आणि हा दोनशें तीस व्होल्टांचा आहे. खड्ड्याचा रोध जास्त असला कीं घरांतील प्रत्येक तिसरें टोंक, फ्रिजचें दार, संगणकाचें खोकें आणि त्याला लागलेली ती खेळपेटीची काळी तारहि दाबावर चढते. खड्ड्याभोंवतालची जमीनहि चढते. पावसाळ्यांत अशा जागेवरून जाणारा बैल माणसाच्या आधीं पडतो, कारण त्याच्या पुढच्या व मागच्या पायांत अंतर अधिक आणि त्या अंतरांतला दाब त्याच्या हृदयावरून जातो.

खेळपेटी पुरी झाल्यावर ती सुरू करण्यापूर्वीं दोन तपासण्या करण्याची जाणत्यांची रीत आहे. वीज न जोडतां मीटरचें एक टोंक शेवटच्या बटणाच्या काळ्या तारेस आणि दुसरें संगणकाच्या प्लगच्या जाड टोंकास लावून पाहावें. कांटा एखाद्या ओहमावर थांबला तर पेटीपासून भिंतीपर्यंतची वाट सलग आहे. भिंतीपासून मातीपर्यंतची वाट मात्र वायरमनकडून वेगळ्या यंत्रानें मोजून घ्यावी लागते, आणि ती मोजावयाची ती श्रावणांत नव्हे, वैशाखांत.